साचा कोरण्यापूर्वीचा हिशेब
(प्लॅस्टिकच्या वस्तूचा आराखडा कारखान्यास योग्य कसा करावा, याविषयी व्यापारी बंधूंसाठी चार शब्द)

धान्याच्या व्यापारात भांडवल अडकले तरी ते मालाच्या रूपाने गोदामात असते. भाव पडला तर तोटा सोसून का होईना, तूर विकता येते, गहू विकता येतो. परंतु प्लॅस्टिकच्या वस्तूसाठी पोलादाचा जो साचा कोरला जातो, त्यास असा बाजार नाही. साचा ज्या वस्तूसाठी कोरला, त्याच वस्तूस तो उपयोगी. वस्तू चुकली म्हणजे साच्याची किंमत लोखंडाच्या भंगाराची होते. हा भेद आपल्या व्यापारी समाजाने नीट ध्यानी घेणे आज अगत्याचे झाले आहे.

कारण उघड आहे. आपल्या सौंसर–पांढुर्णा भागातील घरोघरची तरुण मंडळी वडिलोपार्जित दुकानापलीकडे पाहू लागली आहेत. नागपूर जवळ, बोरगावचे औद्योगिक क्षेत्र तर तालुक्यातच. तेव्हा एखादे लहानसे प्लॅस्टिकचे युनिट काढावे, असा विचार अनेक घरांत बोलला जातो. मुलगा किंवा पुतण्या हातात एक सुबक नमुना घेऊन वडीलधाऱ्यांपुढे येतो आणि भांडवल मागतो. वडीलधारी मंडळी जागा पाहतात, यंत्राची किंमत विचारतात, बँकेच्या व्याजाचा आकडा मांडतात. मात्र त्या नमुन्याच्या आकाराविषयी एकही प्रश्न विचारला जात नाही. वस्तुतः नफा की तोटा, याचा अर्धाअधिक निकाल त्या आकारातच लागलेला असतो. तो कसा, हे समजावून देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

दाण्यापासून वस्तूपर्यंत

प्लॅस्टिकचा कच्चा मालही दाण्यांच्याच रूपाने येतो, ही गोष्ट धान्याच्या व्यापाऱ्यास मौजेची वाटेल. सामान्यतः पंचवीस किलोच्या पोत्यांत हे दाणे मिळतात. यंत्राच्या वरच्या चाडीत ते ओततात. तेथून ते तापलेल्या पोलादी नळीत उतरतात. नळीत फिरणारा मळसूत्री दांडा त्यांस पुढे ढकलतो, घुसळतो आणि वितळवितो. पॉलिप्रॉपिलीन नामक प्लॅस्टिकसाठी ही उष्णता २०० ते २५० अंश सेल्सिअस असते. वितळलेला रस मग दर चौरस सेंटिमीटरास शेकडो किलोच्या दाबाने बंद साच्यात घुसविला जातो. साच्याच्या पोलादातून थंड पाणी खेळत असते. त्यामुळे रस गोठतो, साचा उघडतो, आतील पोलादी खिळे वस्तूस बाहेर ढकलतात, साचा पुन्हा मिटतो. या क्रियेस इंजेक्शन मोल्डिंग म्हणतात.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत जॉन हायट व त्याचा भाऊ यांनी सेल्युलॉइडसाठी असे पहिले यंत्र १८७२ साली पेटंट केले. त्यात दट्ट्या होता. मळसूत्री दांड्याचे यंत्र जेम्स हेंड्री याने १९४६ साली केले. आज घरातील बादली, शाळेतील डबा, संत्र्याचे क्रेट, शेतातील ठिबकाचा ड्रिपर, या सर्व वस्तू याच रीतीने होतात. पैकी शेवटच्या दोन वस्तू आपल्या भागास विशेष परिचित असल्याने पुढील विवेचनात त्यांचाच आधार घेतला आहे.

साच्याचा स्वभाव

साच्याविषयी पहिली गोष्ट ही लक्षात ठेवावी की, साच्यातील पोलाद खरवडून कमी करता येते, पण कमी झालेले पोलाद सहजी वाढविता येत नाही. वाढवायचे तर वेल्डिंग करावे लागते. ते खर्चाचे असते आणि त्या जागेची सफाई पूर्वीसारखी क्वचितच राहते. आता, साच्यातील पोलाद जेथे कमी होते, तेथे वस्तूतील प्लॅस्टिक वाढते. म्हणून जाणते कारागीर शंका असेल त्या ठिकाणी वस्तू किंचित बारीकच ठेवतात. चाचणीत उणे आढळले तर पोलाद कोरून ती जाड करता येते. आधीच जाड केली तर परतीची वाट बंद. कापड शिवणारा शिंपी शिवणीत थोडे कापड राखतो, त्यातलाच हा प्रकार होय.

दुसरी गोष्ट अशी की, गोठताना प्लॅस्टिक आकसते आणि प्रत्येक जातीचे आकसणे निराळे असते. क्रेटसाठी जे घट्ट पॉलिएथिलीन वापरतात, ते शेकडा दीड ते तीनपर्यंत आकसते. विजेच्या उपकरणांच्या पेट्यांसाठी वापरतात ते ए.बी.एस. शेकडा अर्ध्याच्या आसपासच आकसते. समजा, ६०० मिलिमीटर लांबीचे क्रेट हवे आहे आणि आकसणे शेकडा २ धरले, तर साचा सुमारे ६१२ मिलिमीटरचा कोरावा लागेल. त्याच साच्यात पुढे कोणी ए.बी.एस. ओतले, तर वस्तू ६०९ मिलिमीटरची निघेल, आणि ज्या जागी ती बसावयाची त्या जागी ती बसणार नाही. तात्पर्य, कोणते प्लॅस्टिक वापरावयाचे हे साचा कोरण्यापूर्वीच निश्चित झाले पाहिजे. ‘माल काय, मागाहून पाहू’ असे म्हणणाऱ्याने साच्याची ऑर्डरही मागाहूनच द्यावी.

भिंत सर्वत्र सारखी

आराखडा सुधारण्याचे जे नियम आहेत, त्यांत मुख्य नियम एकच, तो म्हणजे वस्तूची भिंत शक्य तितकी सर्वत्र सारख्या जाडीची असावी. बाकीचे बहुतेक नियम याच नियमाच्या शाखा आहेत.

वितळलेला रस पातळ जागी आधी गोठतो, जाड जागी उशिरा. उशिरा गोठणारा भाग आकसताना भोवतालच्या गोठलेल्या भागास आत ओढतो. त्यामुळे बाहेरच्या गुळगुळीत पृष्ठावर खळगा पडतो, किंवा आत पोकळी राहते, किंवा संपूर्ण वस्तू मुरडते. झाकण डब्यावर नीट बसत नाही, क्रेटचा तळ डुगडुगतो, याचे कारण पुष्कळदा यंत्रात नसते. ते आराखड्यातील असमान जाडीत असते.

नवशिक्या मनुष्याची समजूत अशी असते की, वस्तू मजबूत करावयाची तर ती जाड करावी. व्यवहारात ही समजूत महाग पडते. गोठण्यास लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दीडपट केली तर वेळ सव्वादोन पट होतो, दुप्पट केली तर चौपट. उदाहरणादाखल हिशेब करू. समजा, २ मिलिमीटर जाडीची वस्तू गोठण्यास १२ सेकंद लागतात, आणि रस भरणे, साचा उघडणे, मिटणे यांस आणखी १२ सेकंद. एकूण २४ सेकंद झाले, म्हणजे ताशी १५० नग. आता तीच वस्तू ३ मिलिमीटर जाड केली. गोठण्यास २७ सेकंद, इतर कामांस तेच १२ सेकंद, एकूण ३९ सेकंद. ताशी नग निघाले अवघे ९२. प्लॅस्टिक दीडपट लागले, वीज तीच, माणूस तोच, आणि माल तीन-पंचमांशाच्या आसपास. एका मिलिमीटरने कारखान्याचा नफा कसा गिळला, हे यावरून दिसेल.

मजबुती जाडीत नव्हे, घडणीत

मग मजबुती आणावी कशी? याचे उत्तर आपल्या गोदामाच्या छपरावरच आहे. सपाट पत्रा हाताने वाकतो, पण तोच पत्रा पन्हळी केला की माणसाचे वजन पेलतो. प्लॅस्टिकमध्येही हेच तत्त्व चालते. भिंत बारीक ठेवून तिला मागील बाजूने उभ्या-आडव्या पट्ट्या द्याव्यात. या पट्ट्यांस कारखान्यात ‘रिब’ म्हणतात, म्हणजे बरगडी. संत्र्याच्या क्रेटकडे एकदा बारकाईने पाहावे. त्याची भिंत हाताच्या चिमटीत धरली तर बारीकच लागते, पण भोवती पट्ट्यांचे जाळे असते आणि वरचा काठ दुमडलेला असतो. म्हणूनच भरलेली क्रेटे एकावर एक रचली तरी खालच्या क्रेटातील फळ दबत नाही. पूर्वी नागपुरी संत्रे लाकडी पेट्यांतून जाई. फळ्यांची ती पेटी मजबुतीसाठी जाड फळीवर अवलंबून असे. प्लॅस्टिकचे क्रेट मात्र घडणीवर अवलंबून असते.

परंतु रिबचेही प्रमाण आहे. रिब भिंतीइतकीच जाड केली तर ती जेथे भिंतीस मिळते तेथे प्लॅस्टिकचा गोळा होतो आणि पुन्हा समोरच्या बाजूस खळगा पडतो. म्हणून रिबची जाडी भिंतीच्या शेकडा ५० ते ६० आणि उंची भिंतीच्या जाडीच्या तिपटीच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. अधिक बळ हवे असेल तर एक उंच रिब न देता दोन लहान रिबा द्याव्यात.

कोपऱ्यांचेही तसेच. काटकोनी तीक्ष्ण कोपरा दिसण्यास रेखीव, पण भार आला की तडा तेथूनच जातो. शिवाय रसही तेथून सुरळीत वाहत नाही. आतील कोपऱ्यास भिंतीच्या जाडीच्या निदान निम्मी गोलाई द्यावी आणि बाहेरील गोलाई आतील गोलाईत भिंतीची जाडी मिळवून ठरवावी. म्हणजे वळणावरही भिंत सारखीच राहते.

क्रेटच्या तळास व बाजूंस जी जाळी असते, तिचेही दुहेरी प्रयोजन आहे. फळास हवा मिळते, हे एक. दुसरे कारखान्याच्या हिताचे. रस आत शिरताना साच्याचे दोन भाग फाकविण्याचा प्रयत्न करतो. तो जोर वस्तूच्या सावलीइतक्या क्षेत्रफळावर पडतो. ६० बाय ४० सेंटिमीटरचा सलग तळ म्हणजे २४०० चौरस सेंटिमीटर. आत दर चौरस सेंटिमीटरास ३०० किलो दाब धरला, तर साचा मिटून धरण्यास ७२० टनांचे यंत्र हवे. तळ निम्मा जाळीचा केला तर हाच आकडा ३६० टनांवर येतो. यंत्राच्या किमतीत यामुळे किती अंतर पडते, हे यंत्र विकत घेणाऱ्यास सांगावयास नको.

साच्यातून सुटले पाहिजे

कुल्फीचा साचा कोणी पाहिला नाही? तो वर रुंद, खाली निमुळता असतो, म्हणून कुल्फी अलगद सुटते. तो सरळ नळीसारखा असता तर कुल्फी काढताना तुटली असती. आणि लोट्यात कुल्फी गोठविली, तर गळा अरुंद असल्याने ती बाहेर येणारच नाही. प्लॅस्टिकच्या आराखड्यातील दोन मोठे दोष या एका दृष्टांताने समजतात.

पहिला दोष उताराचा. वस्तूच्या ज्या भिंती साचा उघडण्याच्या दिशेस समांतर असतात, त्यांस थोडा उतार द्यावा लागतो. सामान्यतः एक अंश उतार पुरतो, पृष्ठभाग खरखरीत किंवा नक्षीदार असेल तर अधिक लागतो. एक अंश म्हणजे काहीच नाही असे वाटते, परंतु १०० मिलिमीटर उंचीस तो दर बाजूस पावणेदोन मिलिमीटर होतो. ३०० मिलिमीटर उंचीच्या बादलीचा तळ तोंडापेक्षा सुमारे एक सेंटिमीटरने लहान झाला. ज्याने बादलीचे माप सरळ भिंती धरून काढले, त्याचे माप येथे हुकते. म्हणून उतार आराखड्यात आरंभापासूनच धरावा.

दुसरा दोष लोट्याच्या गळ्याचा. वस्तूस आडवे भोक, आत वळलेला आकडा किंवा बाजूस खाच असेल, तर साचा सरळ उघडताना ती अडते. मग साच्यात बाजूने सरकणारे सुटे भाग बसवावे लागतात. क्रेटच्या बाहेरील आडव्या पट्ट्यांमुळे व हात घालण्याच्या भोकामुळे त्याच्या साच्याच्या चारही बाजू बाहेर सरकाव्या लागतात, हे त्याचा साचा महाग असण्याचे एक कारण. क्रेटमध्ये हा खर्च अटळ आहे. पण डब्याच्या झाकणासारख्या वस्तूत तो पुष्कळदा टाळता येतो. अडकविण्याच्या आकड्याच्या बरोबर खाली भिंतीत एक लहान भोक ठेवले, तर साच्याचे पोलाद त्या भोकातून आत जाऊन आकड्याची घडण करते आणि सरळ मागे फिरते. सरकणाऱ्या भागाची गरज राहत नाही. आराखड्यात एक भोक वाढले, पण साच्याची किंमत पुष्कळ उतरली. सुधारणा म्हणतात ती अशी.

रसाची वाट

रस साच्यात ज्या तोंडातून शिरतो त्यास ‘गेट’ म्हणतात. हे तोंड कोठे ठेवावे, हा प्रश्न केवळ साचेकाराचा नाही. रस वाहताना वाटेत भोक आले की तो दुभंगतो आणि पलीकडे पुन्हा एकत्र होतो. जेथे दोन धारा मिळतात तेथे एक रेषा उमटते. तेथे त्या पूर्णपणे एकजीव झालेल्या नसतात, म्हणून ती जागा कमकुवत. ही रेषा जर हात घालून उचलण्याच्या जागी आली, तर एखाद्या दिवशी भरलेल्या क्रेटाचा कान हमालाच्या हातात येईल आणि क्रेट पायावर पडेल. म्हणून भार कोठे येणार हे वस्तू मागविणाऱ्याने सांगावे, आणि रेषा तेथे येणार नाही अशा बेताने साचेकाराने तोंड ठेवावे. वस्तू वापरणारा आणि वस्तू घडविणारा यांची भेट साचा कोरण्यापूर्वी झाली पाहिजे, हा याचा अर्थ.

ठिबकाच्या ड्रिपरची गोष्ट

आता सूक्ष्म कामाचे उदाहरण घेऊ. इस्रायलमधील जलतज्ज्ञ सिमखा ब्लास यांस एक झाड शेजारच्या झाडांहून फार मोठे झालेले दिसले. शोध घेता कळले की, तेथे नळातून थोडे थोडे पाणी झिरपत होते. थेंबाथेंबाने पाणी देण्याची कल्पना येथून निघाली. पण अडचण होती ती भोकाची. पाणी थोडे यावे म्हणून भोक बारीक करावे, तर मातीच्या कणाने ते बुजते. ब्लास यांनी बारीक भोकाचा नाद सोडून पाण्यास रुंद पण लांब व वळणावळणाची वाट दिली. वाटेत जोर जिरतो, पाणी थेंबाने पडते आणि कण अडकत नाही. प्लॅस्टिकमुळे हे साधले. १९६५ साली हात्झेरीम या सामुदायिक वसाहतीच्या साह्याने नेटाफिम ही संस्था उभी राहिली. वस्तूचा दोष झाकत न बसता मूळ कल्पनाच बदलणे, हीही आराखड्याची सुधारणाच होय, आणि ती कागदावरच होऊ शकते.

महाराष्ट्रात ठिबक सिंचन घरोघर पोचविण्याचे श्रेय जळगावास मोठ्या प्रमाणावर जाते. वाकोद येथील शेतकरी कुटुंबातील भवरलाल जैन यांनी १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेलची विक्री आरंभिली. पुढे शेतीस लागणाऱ्या मालाचा व्यापार, १९८० साली पी.व्ही.सी. नळ्यांचा कारखाना, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचन, असा त्यांचा प्रवास झाला. २००८ साली त्यांस पद्मश्री मिळाली व २०१६ साली ते निवर्तले. व्यापाऱ्याने कारखानदारीत उतरताना आपले गिऱ्हाईक, म्हणजे शेतकरी, बदलला नाही. माल तेवढा बदलला. ही गोष्ट आपल्या तरुणांनी मनन करण्यासारखी आहे.

ड्रिपर दिसण्यास चिमुकला, पण त्याच्या आतील वाट सुमारे एक मिलिमीटरची असते. समजा, ती एक मिलिमीटर रुंद व एक मिलिमीटर खोल आहे. साच्यातील चुकीमुळे किंवा आकसण्याचा अंदाज फसल्यामुळे दोन्ही मापे ०.०५ मिलिमीटरने कमी झाली, म्हणजे कागदाच्या पानाच्या जाडीच्या निम्म्याने. वाटेचे क्षेत्रफळ ०.९५ गुणिले ०.९५, म्हणजे सुमारे ०.९० राहिले. पाणी शेकडा दहाने घटले. ताशी ४ लिटरचा ड्रिपर ३.६ लिटर देऊ लागला. सहा मीटर अंतराने लावलेल्या संत्र्याची एका हेक्टरात सुमारे २७७ झाडे बसतात. झाडास चार ड्रिपर धरले तर अकराशे नग झाले. शेतकरी मोटार घड्याळ पाहून चालवितो. पाच तासांत एका झाडास ८० लिटर मिळाले, तर दुसऱ्यास ७२. एका दिवसाची गोष्ट असती तर प्रश्न नव्हता. परंतु उन्हाळाभर हेच चालले, विहिरीचे पाणी खाली गेले, तर त्या झाडाचा बहार कोणाच्या चुकीने गळला, हे शेतकऱ्यास कधीही कळणार नाही. तो नशिबास बोल लावील.

एका साच्यात ड्रिपरची अनेक घरे असतात. सर्व घरांत रस एकाच वेळी, सारख्याच दाबाने पोचला पाहिजे. म्हणून मधल्या तोंडापासून प्रत्येक घरापर्यंतची वाट सारख्या लांबीची ठेवतात. आपल्या देशात ड्रिपरसाठी भारतीय मानक क्रमांक १३४८७ आहे. तपासणीचे तत्त्व आपल्या धंद्यातील नमुना पाहण्यासारखेच. पोत्यात परखी खुपसून मूठभर दाणे पाहावेत, तसे काही ड्रिपर घेऊन सारख्या दाबावर प्रत्येकाचे पाणी मोजतात. परंतु येथे सरासरी बरोबर येऊन भागत नाही. एकमेकांतील फरक किती, हे पाहतात. हा फरक शेकडा पाचाच्या आत असेल तर माल चांगला समजतात. सरासरीने गोदाम भरते, पण झाडाची तहान सरासरीने भागत नाही.

सुधारणेचा क्रम

आराखडा सुधारण्याचा योग्य क्रम असा आहे. प्रथम वस्तू कशासाठी, किती भार, ऊन किती, वर्षाकाठी किती नग, हे लिहून काढावे. मग प्लॅस्टिकची जात ठरवावी. नंतर चित्र. आज संगणकावर त्रिमिती चित्र काढता येते, आणि रस कसा वाहील, रेषा कोठे उमटेल, वस्तू कोठे मुरडेल, याचा अंदाज आधीच घेता येतो. अशा गणिताचा उद्योग ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी १९७८ साली ‘मोल्डफ्लो’ नावाने आरंभिला. यानंतर थर देऊन छापणाऱ्या यंत्रावर, ज्यास थ्रीडी प्रिंटर म्हणतात, एक प्रतिकृती काढून ती हातात घेऊन वापरून पाहावी. मात्र ध्यानात असू द्यावे की, ही प्रतिकृती आकार दाखविते, साच्यातील आकसणे व मजबुती दाखवीत नाही. नमुना सुबक निघाला म्हणजे वस्तू साच्यात साधेल, असे मुळीच नाही. शेवटी साचा, आणि साचा झाल्यावर चाचणीचे नग. पहिल्या चाचणीत काही ना काही निघतेच. ते दुरुस्त करण्याचा खर्च व वेळ हिशेबात आधीच धरावा.

प्रत्येक पायरीवर चूक दुरुस्त करण्याचा खर्च वाढत जातो. कागदावर रेघ खोडण्यास एक संध्याकाळ लागते, पोलादात तीच रेघ खोडण्यास आठवडे लागतात, आणि माल बाजारात गेल्यावर ती खोडताच येत नाही. पत जाते.

सल्ल्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. १९६८ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या सिपेट या केंद्रीय संस्थेची केंद्रे भोपाळ व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. इंदूर व छत्रपती संभाजीनगर येथे इंडो-जर्मन टूल रूम आहे. आपल्या मुलामुलींस तेथील शिक्षणक्रमास पाठविणे, हेही भांडवल घालण्यासारखेच आहे, आणि ते भंगारात जात नाही.

पैसे देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

ज्या घरी असा प्रस्ताव येईल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. यांत्रिक शिक्षण नसले तरी हे प्रश्न विचारता येतात.

१. भिंतीची जाडी किती, आणि ती कोठे कोठे बदलते? का बदलते?
२. प्लॅस्टिकची जात पक्की झाली काय? तिचे आकसणे किती धरले?
३. उभ्या भिंतींस उतार दिला आहे काय? तो देऊनही माप जमते काय?
४. साच्यात सरकणारे भाग किती? त्यांतील एखादा वस्तूचा आकार बदलून टाळता येईल काय?
५. रसाचे तोंड कोठे, धारा कोठे मिळतात, आणि भार कोठे येतो?
६. एका नगास किती सेकंद व किती ग्रॅम लागतील?
७. साच्याची किंमत किती नगांवर वाटली आहे, आणि तितके नग घेणारे गिऱ्हाईक कोण?

शेवटच्या प्रश्नाचे गणित सोपे आहे. समजा, साचा सहा लाखांचा आहे. तीन लाख नग विकले तर नगामागे दोन रुपये पडले. तीसच हजार विकले तर वीस रुपये पडले. दहा रुपयांच्या वस्तूवर वीस रुपये साच्याचेच बसले, तर बाकीचा हिशेब मांडण्याचे प्रयोजन उरत नाही.

वस्तूची निवड

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १ जुलै २०२२ पासून आपल्या देशात एकदा वापरून फेकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. त्यांत ताटल्या, पेले, चमचे, काटे व स्ट्रॉ आहेत. ज्या साच्यांतून केवळ असे चमचे निघत, त्यांचा उत्तम आराखडाही त्यांस वाचवू शकला नाही. तेव्हा वस्तू निवडतानाच पाहावे की ती वर्षानुवर्षे टिकणारी आहे काय, एकाच जातीच्या प्लॅस्टिकची आहे काय, आणि तुटल्यावर दळून पुन्हा वापरता येईल काय. दोन जाती एकमेकींस चिकटविलेली वस्तू वेगळी करता येत नाही आणि शेवटी उकिरड्यावर जाते. आपल्या धर्मात जयणेस मोठे स्थान आहे. प्रत्येक कृती जपून करावी, निष्कारण हानी होऊ देऊ नये. क्रेटमधून वीस ग्रॅम अनावश्यक प्लॅस्टिक काढणे, हे हिशेबास लाभाचे आणि जयणेसही धरून आहे.

आपल्या पूर्वजांनी धान्याचा दाणा हातात घेऊन, दातांखाली फोडून, मगच सौदा केला. मालाची पारख हीच व्यापाऱ्याची विद्या. आता घरातील नवी पिढी निराळे दाणे हाती घेत असेल, तर वडीलधाऱ्यांनी भिण्याचे कारण नाही, आणि डोळे मिटून पैसा देण्याचेही नाही. आराखड्याचा कागद समोर पसरावा, वरील प्रश्न विचारावेत, आणि समाधान होईपर्यंत पोलादास हात लावू देऊ नये. कागदावर घालविलेला एक महिना पुढील दहा वर्षांचा धंदा सुरक्षित करतो.

जय जिनेंद्र.